अण्णांचा ठसका

अण्णांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली. तिसऱ्या दिवशी त्यांनी खुणेने चहा मागितला तेव्हा आम्हाला इतका आनंद झाला की आत्याने बशीत गार करून पडल्यापडल्याच चमच्याने पाजला. ठसका लागला. आत्या पाठ चोळत म्हणाली, कोणीतरी आठवण काढतंय. दोन दिवसांनी ताप १०२, छातीत घरघर, आणि एक्स-रेत उजव्या फुफ्फुसात खाली पांढरं. ॲस्पिरेशन न्यूमोनिया. म्हणजे घास, पाणी, थुंकी अन्ननळीऐवजी श्वासनळीत उतरते आणि तोंडातले जंतू सोबत नेते.

झटक्यानंतर गिळणं बिघडतं हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणून कळकळीने सांगते, पेशंटला पहिला घोट द्यायच्या आधी गिळण्याची तपासणी झालीय का ते विचारा. सगळ्यात अवघड पाणीच असतं, पातळ असल्याने पटकन घसरतं. आणि काहींना तर ठसकासुद्धा येत नाही, गुपचूप फुफ्फुसात जातं, नुसता आवाज ओलसर घोगरा होतो, ते जास्त वाईट.

नंतर अण्णांना नाकातून पोटात जेवणाची नळी घातली तेव्हा वाटलं सुटलो, पण सिस्टर म्हणाल्या नळी असली तरी थुंकी खाली जातेच, आणि बेड सपाट असेल तर पोटातलं वर येतं. बेडची डोक्याची बाजू कायम ३० ते ४५ अंश वर ठेवायची, फीड दिल्यावर तर लगेच आडवं करायचंच नाही.

आणि तोंड! नळीवर असलेल्याचं तोंड कोण धुतं? जपानमधल्या वृद्धाश्रमांत रोज नीट दात घासून दिले तर न्यूमोनिया कमी झाला असा अभ्यास आहे, सिस्टरही दिवसातून दोनदा मऊ ब्रशने घासायला लावायच्या, कवळी काढून वेगळी.

पुढे मऊ भात सुरू झाला तेव्हा एका रात्री ब्रश करताना लुळ्या बाजूच्या गालात सकाळची गोळी सापडली, अर्धी विरघळलेली, वर भाताची दोन शितं. अण्णांना पत्ताच नव्हता. झोपेत ती घशात गेली असती तर, या विचाराने माझे हात गार पडले.

आता घरी आत्याच भरवते. ताठ बसवून, टीव्ही बंद, अर्धा चमचा, "गिळा अण्णा... आता आ करा बघू", गालात बोट फिरवून बघते आणि मगच पुढचा घास.