उलाळ

आमच्या आप्पांची बैलगाडी होती. ऊस भरताना ते गाडीवरच्या गड्याला सारखे बजावायचे, "मागं रेटू नको, उलाळ हुईल!" गाडी मागं जड झाली की जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. उजळाईवाडीला, कोल्हापूरच्या विमानतळावर, विमानाखाली उभा राहिलो की मला तो शब्द हमखास आठवतो.

इथं सामान चढवा-उतरवायच्या कामाला लागण्याआधी चार वर्षं मी मुंबईत मालवाहू विमानांवर तेच काम करत होतो. विमानाचा सगळा डोलारा पंखांजवळच्या मोठ्या चाकांवर तोललेला असतो. वजनाचा मध्य त्या चाकांच्या मागं सरकला की नाक वर आणि शेपूट जमिनीवर. म्हणून भरताना आधी पुढचं भरायचं, उतरवताना आधी मागचं रिकामं करायचं. शेपटीखाली टेकू लावायचा, काही विमानांचं नाक जमिनीतल्या कडीला बांधायचं. टेकू लावून विसरूनही चालत नाही. माल चढेल तसं विमान खाली बसतं, टेकूची उंची कमी केली नाही तर तोच पत्र्यात घुसतो. चार-पाच टनांचं पॅलेट, म्हणजे माल बांधलेला पाट, रोलरवरून मागं सरकताना माझा श्वास अडकायचा.

कोल्हापुरात आलो तेव्हा वाटलं, इथं पंख्यांचं छोटं प्रवासी विमान, एटीआर ७२, एवढी धास्ती कशाला? पण त्याची रचना बघा. प्रवाशांचं दार शेपटीकडं, सामानाचा मोठा कप्पा, म्हणजे होल्ड, पुढं, कॉकपिटच्या मागं. पुढचं सामान निघत असतानाच सगळे प्रवासी मागच्या दाराशी गोळा होतात. म्हणून यालाही शेपटीखाली टेकू लागतो. आम्ही त्याला टेल प्रॉप म्हणतो.

जुलैतली दुपार होती. पश्चिमेकडून काळं भरून आलेलं. विमान थांबलं, चाकांना चोक म्हणजे अडसर लागले. होल्डमध्ये बॅगांसोबत कुठल्याशा कारखान्याच्या सुट्या भागांची जड खोकी होती, ती भिजायला नकोत म्हणून मी सांगितलं, "पुढचा होल्ड उघडा, पटापट काढा." प्रॉप लागला का, हे मागं जाऊन पाहिलं नाही. नवा पोरगा प्रॉप घेऊन गेला होता, एवढं पाहिलं आणि लागला असेल असं धरून चाललो.

दहा-बारा खोकी उतरली असतील. मी पुढच्या चाकाशी होतो. त्या चाकाच्या दांड्यात एक चकचकीत नळी असते, वजन कमी झालं की ती बाहेर येते. चार बोटं दिसणारी नळी वीतभर दिसायला लागली. आधी नजरेवर विश्वासच बसेना. मग शेपटीकडं पाहिलं. पोरगा प्रॉपची पिन बसवायला शेपटीच्या बरोबर खाली वाकला होता.

उजवं इंजिन चालू होतं, पंखा तेवढा ब्रेक लावून थांबवलेला. त्या आवाजात हाक पोचणार नव्हती. "खोकी परत आत टाका!" एवढं लोडरांना ओरडून मी पळत सुटलो. पोराला दंडाला धरून बाहेर ओढलं. दारातल्या हवाई सुंदरीला दोन्ही हातांनी खुणावलं, सगळ्यांना पुढं न्या, पुढं. तिला लगेच कळलं. दारातली गर्दी हळूहळू आत सरकली.

"काय झालं ओ दादा?" पोरगा विचारत होता. मला बोलता येईना. त्याला नळी दाखवली. ती परत चार बोटांवर आली होती.

मग मी स्वतः त्याच्यासोबत प्रॉप बसवला, पिन दोनदा ओढून बघितली. त्यानंतर प्रवासी उतरले, शेवटी सामान. खोकी थोडी भिजली.

कॅप्टन खाली आले, त्यांना सगळं खरं सांगितलं. रात्री अहवाल लिहायला बसलो. होल्ड उघडायला कुणी सांगितलं, त्यापुढं माझं नाव लिहिलं. पोराचं नाव कुठंही घातलं नाही. घरी गेलो तेव्हा आप्पा जागे होते. त्यांना म्हटलं, "आज उलाळ होता होता राहिली." ते उठून बसले. "खाली कोण हुतं?" हा त्यांचा पहिला प्रश्न.