हसायला गेलो आणि भूत निघालं

विनोदी सिनेमाचा पुढचा भाग काढायचा म्हणजे मुळातच एक पंचाईत असते, पहिल्याच्या शेवटी सगळं छान झालेलं असतं ना. लग्नं ठरलेली, पैसे मिळालेले, गैरसमज मिटलेले, सगळे एका रांगेत नाचतायत आणि वर नावं सरकतायत. आता याच लोकांना परत अडकवायचं तर आधी त्यांचं सुख मोडायला लागणार. 'फिर हेरा फेरी'ने (2006) ते सरळ केलं, बाबूराव आणि मंडळींना आधी ऐश्वर्यात बसवलं आणि मग पैसा दुप्पट करायच्या नादात धाडकन खाली आणलं, आणि ते पटतं, कारण हे तिघं ते करणारच. पण चौथ्या-पाचव्या भागापर्यंत किती वेळा तेच करणार? मग कुठल्यातरी मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणत असणार, यावेळी भूत टाकूया का.

'गोलमाल'चं बघा. 2006 चा पहिला भाग म्हणजे चार उडाणटप्पू पोरं नातवाचं सोंग घेऊन एका आंधळ्या म्हाताऱ्या जोडप्याच्या बंगल्यात घुसतात, बास, एवढीच गोष्ट. 2008 आणि 2010 चे भागही त्याच वळणाचे, एक खोटं, ते झाकायला दुसरं खोटं. आणि 2017 ला 'गोलमाल अगेन' आला तर त्यात थेट आत्मा! नुसता दचकवायला आणलेला पण नाही, खून झालेली मुलगी, तिला न्याय मिळायला हवा, आणि आत्मे दिसणारी तब्बू हे सगळं आपल्याला एकदम गंभीर चेहऱ्याने सांगतेय. (सिनेमा जुना झालाय, कोण मेलेलं आहे ते सांगितलं तरी चालेल, पण नाही सांगत.) नुसतं ऐकलं तर वाटेल की झाली माती. तरी मला चाललं, आणि ते आता पाच जणांच्या झालेल्या या टोळीतल्या गोपालमुळे. हा माणूस कोणी बोट दाखवलं की ते बोट पिरगाळून ठेवतो, एवढा तापट, आणि इथे तो भुताच्या नुसत्या विचाराने गारठतो. म्हणजे भूत आलं म्हणून त्यांनी गोपालला शूर नाही केला, उलट इतके भाग झाकून ठेवलेला त्याचा भित्रेपणा बाहेर काढला. बाकीचे चौघंही तेवढेच मठ्ठ राहिले. सिनेमाची जात बदललीय हे आपल्याला कळतं, त्या पाच जणांना कळत नाही, आणि हसू येतं ते त्याचंच.

माझं म्हणणं एवढंच आहे की भूत आणा, खून आणा, एलियन आणा, पण त्या माणसांना अक्कल आणू नका.

'हँगओव्हर'वाल्यांनी नेमकी तीच आणली. पहिला 2009 चा, मित्र लग्नाआधी पार्टी करतात, सकाळी उठतात तर काहीच आठवत नाही आणि नवरदेव गायब. दुसऱ्यात (2011) बँकॉकला जाऊन जवळजवळ तोच सिनेमा परत काढला, त्यावर लोक ओरडले, तेही बरोबरच. मग तिसऱ्यात (2013) म्हणाले ठीक आहे, सगळंच बदलतो. लग्नाआधीची पार्टी नाही, विस्मरण नाही, त्याऐवजी एक गुंड, चोरलेलं सोनं, ओलीस ठेवलेला मित्र, पाठलाग. आणि झालं काय की हे तिघं थ्रिलरमधल्या माणसांसारखं वागायला लागले, प्लॅन करतायत, भिंती चढतायत, टेन्शनमध्ये आहेत. अरे, पण तुम्हाला तर काल रात्रीचं आठवत नव्हतं, ते कुठे गेलं? खरं हँगओव्हर सिनेमा संपल्यावर, नावं सुरू झाल्यावर येतं, एक उद्ध्वस्त खोली आणि डोकं धरून उठणारी तीच माणसं. मी त्या मिनिटभरात जेवढा हसलो तेवढा आधीच्या दीड तासात नाही हसलो.

याच्या उलट 'बॅक टू द फ्युचर'चा तिसरा भाग, 1990 चा. टाइम मशीनवाली कॉमेडी सरळ 1885 मध्ये जाऊन वेस्टर्न, म्हणजे काउबॉयचा सिनेमा होते, घोडे, दारूचे गुत्ते, बंदुका, रेल्वे, सगळं. हिरो मार्टी तिकडे जातो तो झालरी लावलेला भडक गुलाबी शर्ट घालून, कारण त्याला पाठवणाऱ्या 1955 मधल्या डॉक या शास्त्रज्ञाला काउबॉय म्हणजे असेच असतात असं वाटतं. आणि खरोखरचे, धुळीने माखलेले लोक त्याला बघून खिदळायला लागतात. नाव विचारलं तर हा सांगतो क्लिंट ईस्टवूड, म्हणजे खऱ्या वेस्टर्न सिनेमांचा हिरो! म्हणजे सिनेमाने नवीन जातीत शिरतानाच स्वतःची टिंगल करून घेतली की आम्ही इथले नाही, आमचे कपडे चुकलेत. एवढं केलं की प्रेक्षक बाकी सगळं माफ करतो.

'भूल भुलैया'ची तर वेगळीच तऱ्हा. 2007 च्या पहिल्या भागाने आपल्याला अडीच तास समजावलं की बाबांनो भूत वगैरे काही नसतं, मनाचा आजार आहे, डॉक्टर बोलवा. आणि 2022 चा दुसरा म्हणतो, नाही नाही, आहे भूत. एवढ्या मेहनतीने केलेलं प्रबोधन पंधरा वर्षांत पाण्यात! चालला मात्र जोरात.

आणि 'हाऊसफुल'. चौथ्या भागात (2019) सहाशे वर्षांनी झालेला पुनर्जन्म होता, तो सोडून देऊ. पाचवा, 2025 चा, मर्डर मिस्ट्री, बोटीवर खून, आणि थिएटरात दोन वेगवेगळे प्रिंट, 5ए आणि 5बी, दोन्हीत खुनी वेगळा. ही आयडिया जुनी आहे, 1985 च्या 'क्लू' या कॉमेडीने तीन शेवट काढून वेगवेगळ्या थिएटरात लावले होते. पण यात एक गडबड आहे. खुनी जर तिकिटाप्रमाणे बदलत असेल तर मधले सगळे पुरावे, संशयाने बघणं, पडद्यामागून दिसलेला हात, हे सगळं शोभेचंच ना? रहस्यकथेवर जीव असणारा माणूस अशाने आजारी पडेल. कॉमेडीवाल्याला मात्र काही फरक पडत नाही, कारण तो मुळात खुनी शोधायला आलेलाच नसतो.

एका मित्राशी यावर फोनवर जोरदार भांडण झालं. तो म्हणे खुनी अमुक, मी म्हटलं झोपला होतास का, खुनी तमुक, त्याने मला एक सीन सांगितला, मी त्याला दुसरा सांगितला, दोघंही आपापल्या पुराव्यावर ठाम, आवाज चढलेले. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की त्याने ए बघितलाय आणि मी बी. मग तो म्हणाला आता तू ए बघ, मी बी बघतो. म्हटलं काही गरज नाही, तू तुझा खुनी सांगितलास, मी माझा सांगितला, एका तिकिटात दोन झाले.