दिवाळीची गिफ्टं आपल्याच बाजारातून, आणि तीही लवकर

दसरा झाला की मोबाईलवर सेलच्या जाहिरातींचा मारा सुरू होतो आणि इकडे घरात यादी निघते. सासूबाईंना साडी, कामाच्या ताईंना साडी आणि वर काहीतरी, भाचरांना कपडे, भाऊबीजेला भावासाठी काय ते, ह्यांच्या ऑफिसच्या लोकांना द्यायचे डबे, पुण्याहून येणारी नणंद, तिची मुलं. संपतच नाही यादी. तर मला सांगायचंय ते एवढंच की आपण जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळकडचे जे महिन्याच्या महिन्याला पगार घेणारे लोक आहोत ना, आपण तरी ही यादी घेऊन गावातल्या छोट्या दुकानांत जायला हवं, आणि ते पण धनत्रयोदशीच्या गर्दीत नाही, त्याच्या चांगलं पंधरा दिवस आधी.

आधी का, तर खान्देशात दिवाळीचा बाजार चालतो कपाशीवर. ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांची मे-जूनमध्ये ठिबकवर लावलेली कपाशी दसऱ्याच्या आसपास वेचणीला येते, पहिला वेचा विकला की शेतकऱ्याच्या घरात रोख येते आणि मग चोपडा, एरंडोल, पारोळा, शिंदखेडा कुठेही बघा, बाजारात पाय ठेवायला जागा नसते. पण पाऊस लांबला की सगळंच लांबतं. बोंडं ओली, कापूस ओला, व्यापारी हात लावून बघतो आणि लगेच भाव पाडतो, सीसीआयकडे, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाकडे, न्यायचा म्हटलं तर तिथे पूर्ण हमीभाव आठ टक्के ओलाव्यापर्यंतच आणि बारा टक्क्यांच्या वर कापूस घेतच नाहीत. मग काय, कापूस घरातच पडून राहतो, ओसरीत, खोलीत, काहींच्या तर झोपायच्या जागेत पण. दिवाळी मात्र तिच्या तारखेलाच येते. पोरांना कपडे तर घ्यावेच लागतात ना.

अशा वेळी कोण उभं राहतं तर गावातला कापडवाला. मागे एकदा मी माहेरी चोपड्याला एका दुकानात बसलेली होती, छोटंसंच दुकान, गादीवर बैठक आणि मागे कपाटं, आणि एक आजी दोन नातींसाठी फ्रॉक बघत होत्या. उलटून पालटून शिवण बघितली, एक बाजूला ठेवला, परत उचलला, शेवटी म्हणाल्या एकच दे, पैसे नाहीत आता. दुकानदार म्हणाला, "लई जाय ना माय दोन्ही, पैसा कोठे जातस, कापूस इकायना का दि देजो." आणि वहीत लिहून घेतलं. कागद नाही, सही नाही, काही नाही. ऑनलाइनवाले पण हप्ते करून देतात म्हणा, पण तो हप्ता तारखेला म्हणजे तारखेलाच जातो, तुमचा कापूस विकला गेला का ते तिथे कोणी विचारत नाही.

आता ह्या दुकानदाराची दुसरी बाजू बघा. त्याने तो माल स्वतःच उधारीवर आणलेला असतो. आपल्याकडे साड्या, ड्रेस मटेरियल, मुलांचे कपडे बरेचसे येतात सुरतहून, सुरत-भुसावळ रेल्वेलाईनच आहे, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव सगळी गावं त्याच लाईनवर, त्यामुळे छोटा दुकानदार पण नवरात्राच्या आधी स्वतः सुरतला जाऊन माल बघून आणतो. थोडे पैसे देतो, बाकीचे दिवाळीनंतर. सुरतचा व्यापारी काही कापूस विकायची वाट बघत नाही, दिवाळी झाली की त्याचा फोन येतो. म्हणजे इकडे गावाची उधारी अडकलेली, तिकडे सुरतचं देणं डोक्यावर, आणि मधे हा एकटा. त्यात पोराची फी आहे, दुकानाचं भाडं आहे, कामाला एक-दोन मुलं आहेत त्यांना दिवाळीचं द्यायचंय.

ह्या मधल्या दिवसांत जर कोणाचे पैसे रोख आणि वेळेवर येऊ शकत असतील तर ते आपले. शिक्षक, बँकवाले, रेल्वेवाले, झेडपीवाले, कंपनीत जाणारे. आपला पगार पावसावर नाही. आपण आधी जाऊन चार साड्या रोखीने घेतल्या तर त्या आजीच्या दोन फ्रॉकची उधारी तो दुकानदार निवांत सांभाळू शकतो. मला ही गोष्ट फार मोठी वाटते आणि म्हणूनच लिहायला बसली.

बरं, फक्त मदत म्हणून घ्या असं पण नाही, गिफ्ट म्हणून वस्तू चांगली पाहिजे ती पाहिजेच. तर माझ्या दोन आवडत्या सांगते.

पहिली म्हणजे तांब्या-पितळेचं भांडं, त्यावर नाव टाकून. काचेच्या बाऊलचे सेट घरोघरी खोक्यात पडलेले असतात, पण नाव टाकलेला तांब्या कोणी दुसऱ्याला ढकलत नाही. भांड्याच्या दुकानात जा, काट्यावर वजन करून भाव सांगतात, घरातलं जुनं पिचकलेलं पितळ असेल तर ते मोडीत घेतात आणि तेवढे पैसे वळते करतात, कोणती वेबसाईट करते हो हे. मग नाव टाकणारे काका. दुकानाच्या पायरीजवळ बसलेले असतात, हातात पेनासारखं वायरचं मशीन, भांडं दोन गुडघ्यांत घट्ट धरलेलं. आधी तुमच्याकडून कागदावर नाव लिहून घेतात, काना मात्रा वेलांटी परत परत विचारतात, कारण एकदा टाकलं की खोडता येत नाही. मग टर्रर्र करत बारीक बारीक ठिपक्यांचं एकेक अक्षर उमटत जातं, मधेच थांबून अंगठ्याने भुकटी पुसतात, भांडं जरासं फिरवतात, परत सुरू. गोल पोटाच्या तांब्यावर ओळ सरळ नेणं सोपं नाही, बघत उभं राहिलं की कळतं. माझ्या सासूबाईंकडे त्यांच्या लग्नातला पितळी डबा आहे, त्यावर मामांचं नाव आणि सन १९७४, ते अक्षर अजून स्पष्ट वाचता येतं. मामा जाऊन बरीच वर्षं झाली, पण अनारसे अजून त्याच डब्यात ठेवतात त्या आणि मुलांना दरवेळी मामांचं काहीतरी सांगतात. गिफ्टकडून अजून काय पाहिजे माणसाला.

दुसरी म्हणजे केळीचे वेफर्स. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि आपण ऑफिसमध्ये वाटतो काय तर कुठल्यातरी लांबच्या कारखान्यातून आलेले ड्रायफ्रूटचे चकचकीत डबे, ज्यात अर्धी जागा प्लास्टिकच्या ट्रेने खाल्लेली असते. सावदा, फैजपूर, यावल, रावेरकडे गेलात तर गाडी थांबवाच. कच्ची केळी सोलून ठेवलेली असते, माणूस किसणी कढईवरच धरतो आणि केळं सपासप ओढतो, चकत्या थेट उकळत्या तेलात पडतात, मग वरून मिठाचं पाणी मारतो तेव्हा तेल असं तडतडतं की आपण दोन पावलं मागे. तिथेच उभं राहून गरम खाल्लेला वेफर आणि पाकिटातला वेफर, ह्यात तुलनाच नको. किलोवर घ्या, ऑफिससाठी अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या करून मागा, दोन दिवस आधी सांगितलं तर खूप ठिकाणी करून देतात, साधे, मिरीचे, तिखट. जोडीला बचत गटाच्या बायकांकडचा काळा मसाला आणि कळण्याचं म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ टाका. पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्या माणसांना ह्यापेक्षा दुसरं काहीच गोड लागणार नाही, नणंद तर पीठ संपलं की फोनच करते.

आता ऑनलाइन काहीच घेऊ नका असं मी म्हणत नाहीये. गावात मिळतच नाही असं पुस्तक असेल, एखादं औषधाचं यंत्र असेल, लांब राहणाऱ्या माणसाला थेट घरी पाठवायचं असेल तर घ्या ना. भावात पण कधीकधी फरक असतो, खरं आहे ते. पण एक गोष्ट मला अजिबात पटत नाही, दुकानात जायचं, माणसाला वीस साड्या उलगडायला लावायच्या, रंग बघायचा, पोत बघायचा, गुपचूप फोटो काढायचा आणि घरी येऊन तसलीच ऑनलाइन मागवायची. किंवा त्याच्या तोंडासमोर मोबाईल धरून "इथे तर दोनशे कमी आहे" म्हणायचं. घासाघीस करा, आपल्याकडे चालतेच ती, पण त्याच्या मालाच्या भावात करा. आणि विचारून ठेवा की बदलून मिळेल का, बहुतेक ठिकाणी पावती दाखवली की साईज, रंग बदलून देतात, फक्त दिवाळीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत नको, तेव्हा त्यांना पाणी प्यायला वेळ नसतो.

पैसे देताना पण एक बघा. क्रेडिट कार्ड स्वाइप केलं की त्याचा चार्ज दुकानदाराच्या पैशातून कापला जातो, पण आपल्या बँक खात्यातून यूपीआय केलं तर जानेवारी २०२० पासून त्याला त्याचा चार्ज लागत नाही. छोट्या दुकानात तेवढ्याने पण फरक पडतो. तेव्हा स्कॅन करा नाहीतर रोख द्या.

आणि ज्यांचं वर्षभराचं किराण्याचं, कापडाचं, भांड्याचं काही खातं चालू असेल त्यांनी ते ह्याच वेळी मिटवून टाका. लक्ष्मीपूजनाला किंवा पाडव्याला दुकानदार नवीन वहीची पूजा करतो, त्याआधी जुनी नावं कमी झालेली त्याला हवी असतात, पण सणाच्या तोंडावर पैसे मागायला त्याला स्वतःलाच जड जातं, म्हणून तो गप्प बसतो. शेतकऱ्याचं समजू शकतो, त्याचा कापूस अजून घरात आहे. आपल्या खात्यात पगार एक तारखेला आलेला असतो, आपलं नाव त्या जुन्या वहीत राहायला नको.