तुम्ही विचारलेत म्हणून : दीक्षित की दिवेकर?

नाशिकला एका महाविद्यालयाच्या कार्यालयात मी हिशेबाचे काम पाहते. गेल्या दीड-दोन वर्षांत माझे वजन 74 किलोंवरून 65 वर आले आणि तेव्हापासून ओळखीची माणसे मला हटकून विचारतात, ‘मॅडम, दीक्षित की दिवेकर?’ लग्नाच्या पंगतीत नणंदेनेही विचारले, ‘वहिनी, तुम्ही दोनदाच जेवता ना?’ खरे उत्तर असे आहे की थोडे श्रेय पहिल्यांचे, थोडे दुसऱ्यांचे आणि पुष्कळसे घरातल्या तेलाच्या डब्याचे.

ज्यांना या दोन आहारपद्धतींचा वाद ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांचा आधार घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी जी पद्धत मांडली, तिच्यात कडकडून भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखायच्या, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत संपवायचे, एरवी तोंडात काही टाकायचे नाही आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे. खाण्याच्या वेळा कमी झाल्या की इन्शुलिन स्रवण्याचे प्रसंग कमी होतात, हे त्यामागचे सूत्र. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचे सांगणे वरवर पाहता याच्या अगदी उलट आहे: ठरावीक अंतराने थोडे थोडे खा, घरचे, हंगामातले आणि आपल्या भागातले खा, तूप-भाताला भिऊ नका. 2018च्या सुमारास यावरून घराघरांत दोन तट पडले होते. मला मात्र दोघांच्या सांगण्यातला सामायिक भागच मोठा वाटत आला आहे. पाकिटातले खाऊ नका, साखर आवरा, येता-जाता चरू नका आणि शरीर हलवा, एवढे दोघेही सांगतात, आणि दोन्ही गोटांतली माणसे बारीक होतात ती बहुधा यामुळेच, असे माझे मत आहे.

मी हे सुरू केले ते दिसण्यासाठी नव्हे. रक्ताच्या तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज देणारा आकडा, 6.2 टक्के आला होता. 5.7 ते 6.4 हा मधुमेहाचा उंबरठा मानतात आणि 6.5 पासून मधुमेह धरतात. त्यात माझ्या माहेरी हा आजार पिढीजात. ‘मी काही तेवढी जाड नाही’ असे म्हणून स्वतःची समजूत घालण्याची सोय आपल्या लोकांना फारशी नाही, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामामुळे कळते. त्यांनी आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, 22.3 असा अगदी सारखा होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के निघाली. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय 23 झाला की वजन जास्त मानतात आणि पोटाच्या घेराची मर्यादा स्त्रियांसाठी 80, तर पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर धरतात. हे कळल्यापासून मी वजनकाट्यापेक्षा शिवणाच्या डब्यातल्या टेपवर अधिक विश्वास ठेवते.

आता तेलाचा डबा. आमच्या चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असे आणि यात कोणालाच काही वावगे वाटत नसे. हिशेबाची सवय असल्याने एकदा मी मांडून पाहिले, तर माणशी रोज सुमारे 340 कॅलरी नुसत्या तेलाच्या निघाल्या. आहारतज्ज्ञ माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरे म्हणतात. आम्ही अडीच लिटरवर आलो, म्हणजे प्रत्येकाच्या ताटातून रोज 170 कॅलरी कोणालाही उपाशी न ठेवता कमी झाल्या. फोडणी कढईत न करता लोखंडी पळीत करू लागले. पळी जराशी तिरकी धरली की दोन चमचे तेल एका कडेला साचते आणि त्यात मोहरी नीट तडतडते. तेवढेच तेल पसरट कढईत पसरून जाते आणि मोहरी करपते. भाजीवर ताटली ठेवून तिच्यात पाणी ओतले की दुधी, गवार, फरसबी वाफेवरच शिजतात. माझ्या सासूबाई हे आयुष्यभर करत आल्या होत्या, पण त्या काटकसर म्हणून करत.

चहाचे गणित सोपे होते. कार्यालयातल्या चहाच्या चार कपांत मिळून आठ चमचे साखर, म्हणजे 40 ग्रॅम, पोटात जात होती. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर 25 ग्रॅमच्या आसपास असावी असे सुचवते. मी दोन कपांवर आणि बिनसाखरेवर आले, आणि पहिले पंधरा दिवस माझ्याशी कोणी बोलू नये अशी माझी अवस्था होती.

ताटात मी कोणताही पदार्थ बाद केला नाही, भातही नाही. बदलले ते प्रमाण. डाव्या बाजूला बोटभर वाढली जाणारी कोशिंबीर वाटीभर झाली, उसळ दोन वाट्या झाली, तीन पोळ्यांच्या दोन झाल्या आणि भाताची एकच मूद राहिली. आधी कोशिंबीर आणि उसळ खाऊन मग पोळी-भाताकडे वळले तर जेवणानंतर रक्तातली साखर कमी चढते. आपल्या जेवणात खरी उणीव असते ती प्रथिनांची. किलोमागे रोज 0.83 ग्रॅम धरले तर मला साधारण 54 ग्रॅम हवीत, आणि ती पातळ वरणाच्या एका वाटीतून येत नाहीत. त्यासाठी मटकी, हरभरे, दही, अंडी यांना रोजच्या जेवणात जागा द्यावी लागते. संकष्टी मी सोडलेली नाही, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट असल्याने त्या दिवशी भगर आणि दाण्याची आमटी करते.

व्यायामाबाबत माझा आग्रह थोडा वेगळा आहे. चालणे चांगलेच, आणि रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटे चालल्याने साखरेवर चांगला परिणाम होतो. परंतु रक्तातली साखर सर्वांत जास्त खेचून घेतात ते स्नायू, आणि पाळी गेल्यानंतर ते झपाट्याने झिजू लागतात. आठवड्याला 150 मिनिटांच्या चालण्याबरोबर किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावण्याचा व्यायाम हवा, हा सल्ला बायका कानाआड करतात. मी हात न टेकता खुर्चीवरून उठबस करण्यापासून सुरुवात केली आणि आता पाच-पाच किलोंचे डंबेल्स वापरते. सोसायटीच्या गॅसच्या टाक्या येतात तेव्हा फरक कळतो.

दिवाळीत दोन किलो वाढतात आणि ते उतरायला संक्रांत उजाडते. फराळ मी खाते. एचबीएवनसी आता 5.6 आहे. पोटाचा घेर 96 वरून 86 वर आला आहे, म्हणजे 80 अजून दूर आहे.

दोन वेळा जेवण्याचे म्हणाल, तर मी तीनदा जेवते, कारण सकाळी नऊला घर सोडणाऱ्या माणसाला ते जमते. ज्यांना दोन जमतात त्यांनी दोनदा जेवावे. मात्र ज्यांना ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू आहे, त्यांनी माझे किंवा कोणाचेही ऐकून एखादे जेवण परस्पर बंद करू नये, कारण औषध तेवढेच आणि अन्न कमी झाले तर साखर एकदम खाली जाते. आधी डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी आणि मग ताटाला हात लावावा.