डोलोमाइट्सची सायकल शर्यत: दाखल्यापासून बिबपर्यंत

जुलैच्या पहिल्या रविवारी उत्तर इटलीत माराटोना डलेस डोलोमाइट्स असते. ला व्हिलाहून सकाळी साडेसहाला सुटायचं, कोर्वाराला संपवायचं. लांब मार्ग १३८ किमी आणि ४,२३० मीटर चढाईचा, मधला १०६ किमी आणि ३,१३० मीटरचा. लांब मार्गावर पाच घाट झाल्यावर ‘पासो जाऊ’ नावाचा घाट येतो: जवळपास १० किमी, सरासरी ९ टक्क्यांवर. नंबर लॉटरीत लागला की लोक सायकलची खोकी आणि गिअर रेशो यांच्या मागे लागतात. आधी वैद्यकीय दाखल्याच्या मागे लागा.

इटलीत स्पर्धात्मक खेळासाठी वैद्यकीय दाखला १९८२ च्या सरकारी आदेशापासून लागतो. तिथल्या स्पर्धकाची लघवीची तपासणी, आरामातला आणि श्रमातला ईसीजी आणि स्पायरोमेट्री (फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी) होते. आपल्याकडून जाणाऱ्यांनी आयोजकांचा त्या वर्षीचा फॉर्म उतरवून घ्यावा आणि त्यावरच डॉक्टरांची सही-शिक्का घ्यावा. मित्राने दिलेला मागच्या वर्षीचा फॉर्म नको.

कागद परत येतो तो बहुतेक मजकुरामुळे. ‘प्रवासास योग्य’, ‘प्रकृती ठणठणीत’ असलं काही चालत नाही. ‘स्पर्धात्मक सायकलिंगसाठी योग्य’ असं स्पष्ट हवं. ‘स्पर्धात्मक’ हा शब्द गळला की दाखला हौशी व्यायामाचा ठरतो. नाव पासपोर्टप्रमाणे, वडिलांच्या नावासकट, आणि नोंदणीतही तेच. डॉक्टरांचा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, हाताने सही, वाचता येईल असा शिक्का, तपासणीची तारीख. दाखला वर्षभर चालतो, पण शर्यतीच्या दिवशी तो जिवंत असला पाहिजे. ऑगस्टमध्ये काढलात तर पुढच्या जुलैत जेमतेम पुरतो, आदल्या वर्षीच्या जूनमधला बाद. फेब्रुवारी-मार्च बरा, शेंगेन व्हिसाचा अर्जही प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, दोन्ही कामं एका दमात होतात.

फॅमिली डॉक्टर ‘स्पर्धा’ वाचून बिचकतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. टीएमटीचा (ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून घेतलेल्या ईसीजीचा) रिपोर्ट आणि मार्गाचा चढ-उताराचा आलेख घेऊन फिजिशियन किंवा हृदयरोगतज्ज्ञाकडे जा. टीएमटीत एक मेख आहे. २२० वजा वय, त्याचे ८५ टक्के झाले की बरेच तंत्रज्ञ पट्टा थांबवतात. पंचेचाळिशीच्या माणसासाठी हा आकडा १४९. पासो जाऊवर तासभर नाडी त्याच्या वर राहू शकते, म्हणजे खरा प्रश्न तपासलाच जात नाही. ‘दम लागेपर्यंत चालवा’ हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारं औषध) चालू असेल तर ते सांगा, स्वतःहून बंद करू नका. आदल्या दिवशी लांब राइड नको. लघवीत प्रथिनं दिसून उगाच पुढच्या तपासण्या मागे लागतात.

नियमित सायकल चालवणाऱ्याची आरामातली नाडी ४८ असली की ईसीजीचं मशीन ‘ब्रॅडीकार्डिया’ (मंद नाडी) छापतं, कधी हृदयाचा डावा कप्पा जाड असल्याची शंकाही. कागदावरचा हा छापील निकाल बघून घाबरायचं नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही. खेळाडूंचे ईसीजी वाचायची सवय असलेल्या डॉक्टरांना दाखवा. त्यांनी सांगितलं तर टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करा.

दम्याचा पंप नेणाऱ्यांसाठी: डोपिंगविरोधी नियमांत पंपातलं साल्ब्युटामॉल २४ तासांत १,६०० मायक्रोग्रॅमपर्यंत, त्यातही कुठल्याही ८ तासांत ६०० पर्यंत चालतं. ट्रामाडॉल हे वेदनाशामक मात्र २०२४ पासून स्पर्धेत बंदी असलेलं औषध आहे. पाठदुखीच्या गोळीच्या पाकिटावरचे घटक वाचून मगच ती बॅगेत टाका.

व्हिसासाठी ३०,००० युरोंचा विमा लागतोच, पण बऱ्याच पॉलिसींत ‘स्पर्धेतील सहभाग’ वगळलेला असतो. बारीक अक्षर वाचा, कंपनीकडून ईमेलवर लेखी होकार घ्या.

पोचायला रेल्वेने ब्रुनिको, तिथून अल्टा बाडियाची बस; ला व्हिला आणि कोर्वारा याच खोऱ्यात आहेत. बिब, म्हणजे अंगावर लावायचा शर्यतीचा नंबर, घ्यायला जाताना पासपोर्ट आणि दाखल्याची मूळ प्रत सोबत असू द्या, पोर्टलवर चढवली असली तरी. मूळ प्रत सायकलच्या खोक्यात ठेवू नका. खोकं मागच्या विमानाने आलं तर कागदही मागच्या विमानाने येतो.