मिठाईच्या कारखान्यात साफसफाईची पडताळणी बसवताना : माझा अनुभव

नागपूरच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या मिठाई कारखान्यात मी गुणवत्ता विभाग सांभाळते. खवा, संत्रा बर्फी आणि काजूकतली ही आमची मुख्य उत्पादने आहेत. आंबिया बहराची संत्री बाजारात येऊ लागली आणि दिवाळी तोंडावर आली की आमच्याकडे दोन्ही पाळ्या भरून चालतात. अशाच एका हंगामाच्या आधी आमच्या एका मोठ्या खरेदीदाराने अट घातली की, यंत्रे आणि भांडी धुतली जातात एवढे सांगून भागणार नाही, ती खरोखर स्वच्छ झाली होती याची मोजून केलेली नोंद दाखवावी लागेल. ती व्यवस्था बसवण्याचे काम माझ्याकडे आले.

आमच्याकडे आधी काहीच नव्हते असे नाही. अन्न सुरक्षा परवान्यासाठी 2011 च्या नियमांतील अनुसूची 4 पाळावी लागते आणि त्यात साफसफाईचे वेळापत्रक व त्याच्या नोंदी अपेक्षित असतात. आमचे तक्ते भरलेले असत, त्यांवर पर्यवेक्षकाची सही असे आणि ठरावीक काळाने टेबलांचे व कढयांचे स्वॅब, म्हणजे पृष्ठभागावर फिरवून नमुना उचलण्याचे बोळे, प्रयोगशाळेत जात. अडचण वेळेची होती. प्रयोगशाळेत जिवाणूंच्या वसाहती वाढून मोजता येण्याजोग्या होण्यास दोन ते तीन दिवस लागतात, आणि तोपर्यंत त्या टेबलावर थापलेली बर्फी गोंदियाच्या दुकानात पोहोचलेली असते. असा अहवाल मागे काय घडले ते सांगतो. आजची पाळी सुरू करावी की टेबल पुन्हा धुवावे, हे त्यावरून ठरवता येत नाही.

म्हणून आम्ही एटीपी मीटर घेतला. एटीपी, म्हणजे ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट, हा प्रत्येक सजीव पेशीत असणारा पदार्थ आहे. दूध, फळाचा गर, माणसाची त्वचा आणि जिवाणू या सर्वांत तो सापडतो. काजव्याच्या प्रकाशाला एटीपी लागते, हे अमेरिकेतील शास्त्रज्ञ विल्यम मॅकेलरॉय यांनी 1947 मध्ये दाखवले आणि त्याच क्रियेवर हे उपकरण चालते. स्वॅबच्या नळीत ल्युसिफेरिन हा काजव्यातील प्रकाश देणारा पदार्थ आणि ती क्रिया घडवणारे ल्युसिफरेज हे एन्झाइम असते. पृष्ठभागावरून उचललेला अंश त्यांत मिसळला की प्रकाश निर्माण होतो आणि मीटर तो अर्ध्या मिनिटाच्या आत आरएलयू (रिलेटिव्ह लाइट युनिट) या प्रकाशाच्या सापेक्ष एककात दाखवतो. आकडा मोठा असेल तर सेंद्रिय अंश जास्त शिल्लक आहे. तो अंश खव्याचा आहे की जंतूंचा, हे मात्र मीटर सांगत नाही.

खरे काम मीटर आल्यानंतर सुरू झाले. विक्रेत्याने उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण यांच्या मर्यादा छापून दिल्या होत्या आणि त्या जशाच्या तशा लिहून घेण्याचा आग्रह आमच्या कार्यालयात होता. मी त्याला ठाम विरोध केला. आरएलयूचे प्रमाण सर्व कंपन्यांचे सारखे नसते. एका उपकरणावर दहाच्या घरातला आकडा दुसऱ्यावर शेकड्यात दिसू शकतो. शिवाय गुळगुळीत स्टेनलेस स्टील आणि ओरखडे पडलेला प्लास्टिकचा पाट यांना एकच मर्यादा लावणे न्याय्य नाही. आम्ही प्रत्येक ठिकाण आमच्याच पद्धतीने, पण कोणतीही घाई न करता, नीट धुतले, डोळ्यांनी तपासले आणि मग दहा बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन धरून उभा-आडवा स्वॅब फिरवला. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पाळ्यांनंतर असे आकडे जमा केले, त्यांची सरासरी आणि चढउतार पाहिले आणि त्यावरून प्रत्येक जागेची मर्यादा ठरवली. हा टप्पा कंटाळवाणा आहे, त्यात स्वॅब बरेच खर्च होतात आणि मालकांना ते पटवावे लागते. तरीही तो वगळून पुढे गेलेल्या कारखान्याच्या नोंदींवर मी विश्वास ठेवणार नाही.

मर्यादा लागू झाल्यावर जी ठिकाणे नापास झाली, त्यांनी आमची साफसफाईची समजच बदलली. टेबलांचे मधले भाग जवळजवळ नेहमी उत्तम निघत, कारण घासणाऱ्याचा हात तिथेच सर्वाधिक फिरतो. नापास होत ते ट्रेचे आत वळवलेले काठ, खवा खरवडण्याच्या उलथण्याची मूठ जिथे पात्याला जोडलेली असते तो सांधा, वजनकाट्याची बटणे आणि संत्र्याचा गर वाहून नेणाऱ्या पाइपच्या जोडातील रबरी गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी चकती. हे गॅस्केट बाहेरून चकचकीत दिसे. ते काढून पाहिले तेव्हा त्याच्या खाचेत गराचा पातळ, बुळबुळीत थर बसलेला आढळला. जोड उघडल्याशिवाय तिथे ब्रश पोहोचणे शक्य नव्हते आणि आमच्या लेखी पद्धतीत जोड उघडण्याचा उल्लेखच नव्हता. कोणी कामात कसूर केली असे नव्हते. पद्धतच अपुरी होती. आता प्रत्येक पाळीनंतर जोड उघडला जातो आणि गॅस्केट ठरलेल्या मुदतीला बदलले जाते.

कढयांचा प्रश्न निराळा होता. दूध सतत आटवले जात असल्याने काठाशी प्रथिने करपतात आणि त्यांच्यासोबत दुधातील क्षार घट्ट बसतात. हा पांढरट थर, ज्याला दुग्धव्यवसायात मिल्क स्टोन म्हणतात, नुसत्या डिटर्जंटने निघत नाही. स्निग्धांश आणि प्रथिने यांच्यासाठी कॉस्टिकसारखे अल्कली लागते, तर क्षारांसाठी आम्ल. पहिली धुलाई कोमट पाण्याने करावी लागते, कारण सुरुवातीलाच उकळते पाणी ओतल्यास प्रथिने पृष्ठभागावर अधिकच घट्ट होतात. आमच्याकडे आम्लाची धुलाई अधूनमधून होत असे. ती नियमित केल्यावर कढयांचे आकडे खाली आले आणि खाली राहिले.

क्लोरीनच्या द्रावणावर आमच्या लोकांची फार भिस्त होती. शेवटी हायपोक्लोराइट मारले की सगळे जंतू मरतात, मग घासण्यात थोडे कमी-जास्त झाले तरी चालते, असा समज अनेक कारखान्यांत मी पाहिला आहे. सेंद्रिय मळ शिल्लक असेल तर क्लोरीन त्या मळावरच खर्ची पडते आणि जंतूंपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. त्याचे अंश स्वॅबमधील एन्झाइमवरही परिणाम करून आकडा खोटा ठरवू शकतात. त्यामुळे धुणे, खळबळणे, मग स्वॅब, आणि आकडा मर्यादेत आला तरच निर्जंतुकीकरण, असा क्रम आम्ही कायम केला.

स्वॅब कोणी घ्यायचा, यावर बरीच चर्चा झाली. माझे मत असे की धुणाऱ्यांनीच तो घ्यावा आणि मी अधूनमधून पडताळावा. पण भांडी धुणाऱ्या बायका सुरुवातीला मीटरजवळ येईनात. त्यांच्यातील वयाने मोठ्या मावशींनी एके दिवशी स्पष्टच विचारले, “मॅडम, नंबर जास्त आला तं आमचा रोज कापतील काय?” ही भीती खरी होती आणि तिला तोंडी दिलासा पुरला नसता. मी मालकांकडून लेखी घेतले की नापास आकड्यावरून कोणाची मजुरी कापली जाणार नाही आणि नोंदवहीत माणसाचे नाही, जागेचे नाव येईल. तो कागद धुण्याच्या खोलीत लावल्यानंतर नोंदवहीत नापास आकडे दिसू लागले. ट्रेच्या काठांसाठी बारीक, वाकड्या दांड्याचा ब्रश हवा, हे मावशींनीच सुचवले आणि तो आणल्यावर ते काठ मर्यादेत आले. खरेदीदाराच्या तपासनिसाने नोंदवही चाळताना नेमकी हीच पाने थांबून वाचली आणि प्रत्येक नापास आकड्यानंतर काय केले, हे तपशिलाने विचारले.

उन्हाळ्याची एक सूचना इथे करते. स्वॅब दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागतात आणि त्यातील ल्युसिफरेज उष्णतेने निकामी होत जाते. नागपूरचा पारा मे महिन्यात पंचेचाळिशीला टेकत असताना कुरिअरच्या गाडीत दिवसभर तापलेल्या पेटीवर विसंबणे धोक्याचे आहे, कारण निकामी स्वॅब कमी आकडा दाखवतो आणि कमी आकड्यावर कोणी शंका घेत नाही. आम्ही उन्हाळ्यापुरता साठा शक्य तितका आधी मागवतो, वीज गेल्यावर फ्रिजचे तापमान नोंदवतो आणि मोजणी वातानुकूलित पॅकिंग खोलीत करतो.

मीटरचा आकडा कमी आला म्हणजे सर्व काही सुरक्षित, असे मी कोणाला मानू देत नाही. शुद्ध साखरेत एटीपी जवळजवळ नसते, त्यामुळे पाकाचा चिकट थर मीटरला दिसणार नाही. विषाणूंतही एटीपी नसते. म्हणून डोळ्यांनी तपासणे आणि प्रयोगशाळेचे स्वॅब हे दोन्ही चालूच आहेत. आमच्यासाठी सर्वांत मोठी अडचण काजूची होती. 2020 च्या लेबलविषयक नियमांनुसार काजूसारखा सुकामेवा ॲलर्जीकारक घटक म्हणून वेष्टनावर जाहीर करावा लागतो, आणि काजूकतली लाटलेल्या टेबलावरच पुढे संत्रा बर्फी थापली जात असे. एखाद्या विशिष्ट प्रथिनाचा अंश उरला आहे का, हे सांगणे एटीपीच्या मोजणीच्या कक्षेबाहेर आहे. आता संत्रा बर्फी आधी आणि काजूकतली दिवसाच्या शेवटी होते, काजूची लाटणी आणि उलथणी लाल मुठीची व वेगळी आहेत, आणि सकाळी काम सुरू होण्यापूर्वी टेबलावर काजूच्या प्रथिनांची पट्टी-चाचणी केली जाते. त्या पट्टीवर रेघ उमटली तर टेबल पुन्हा धुतले जाते, मग मीटरचा आकडा कितीही खाली असो.