टिळक आळीतले शिक्षकाचे घर

रत्नागिरीच्या टिळक आळीतल्या जन्मस्थानात शिरणारा जवळजवळ प्रत्येक माणूस आधी एकच गोष्ट विचारतो, लोकमान्यांचा जन्म नेमका कोणत्या खोलीत झाला. २३ जुलै १८५६ ही तारीख ज्या वास्तूशी जोडलेली आहे तिथे हा प्रश्न स्वाभाविकच आहे. मी मात्र तिथे गेले होते ते एका शिक्षकाचे घर पाहण्यासाठी. वडील गंगाधरपंत पेशाने शिक्षक होते, संस्कृत आणि गणित या दोन्ही विषयांत त्यांना उत्तम गती होती, आणि १८६६ मध्ये शिक्षण खात्यातल्या वरच्या जागेवर पुण्याला जाईपर्यंत त्यांचा संसार रत्नागिरीतच होता. लोकमान्यांच्या गणिताविषयी आपण कौतुकाने बोलतो, तेव्हा ते गणित आधी या घरात नांदत होते हे लक्षात घ्यायला हवे.

घर दुमजली आहे, पण कुठेही डोळे दिपवणारे नाही, आणि मला ते त्यासाठीच आवडले. कोकणात घर बांधायचे तर दगड पायाखालीच असतो. जांभा खाणीतून काढताना इतका मऊ असतो की त्याचे चिरे हत्याराने सहज तासता येतात, आणि हवा लागली की तेच चिरे टणक होत जातात. भिंती जाड, आतली हवा गार, आणि वर दोन्ही बाजूंना उतरत आलेले छप्पर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जिथे पडतो, तिथे घराचा आकार माणसाच्या हौसेपेक्षा पाणीच ठरवते. कोकणातली घरे वाढतात तीही याच नियमाने: कुटुंब वाढले की छपराचा उतार पुढे ओढून खाली एक पडवी काढायची, आणि उतार फार खाली आला की तिथेच थांबायचे.

सगळ्यात जास्त वेळ मी मान वर करून छपराकडे पाहत उभी राहिले. मंगलोरी कौलांचे यांत्रिक उत्पादन मंगळुरात सुरू झाले ते १८६०च्या दशकात, म्हणजे बाळ गंगाधर जन्मला तेव्हा या घरावर ती असणे शक्यच नव्हते. त्या काळी कोकणातली घरे गवताने किंवा नळीच्या कौलांनी शाकारलेली असत, आणि वानरांनी, वाऱ्याने हललेले छप्पर दर पावसाळ्यापूर्वी नव्याने शाकारावे लागे. एकमेकांत अडकणारी चपटी कौले आल्यावर तो वार्षिक व्याप पुष्कळ कमी झाला. आज ज्याला आपण ‘अस्सल कोकणी घर’ म्हणतो त्याचे लाल छप्पर ही अशी नंतरची भर आहे, आणि ते कळल्यावर घर मला कमी खरे वाटले नाही, उलट अधिक समजले.

दुसरी भर स्मारकाची. भिंतींवरची छायाचित्रे आणि अंगणातला पुतळा हे सारे आदराने मांडलेले आहे. पण राहते घर स्मारक झाले की खोल्यांचा मूळ वापर हळूहळू दिसेनासा होतो. शिक्षक पाहुण्याला कुठे बसवीत असतील, मुलाचा अभ्यास कुठल्या उजेडात होत असेल, स्वयंपाकघराचा धूर कुठून बाहेर जात असेल, हे छायाचित्रांच्या ओळींमधून उमगत नाही. प्रत्येक भागाशेजारी त्याचा काळ आणि मूळ उपयोग एका ओळीत लिहिलेला असावा असे मला मनापासून वाटते. त्यातच एका सहलीचा मोठा घोळका आला, त्यांच्या मार्गदर्शकाने काही मिनिटांत सगळ्यांना पुतळ्यासमोर उभे करून परत गाडीत बसवले, आणि एकाही मुलाने वर पाहिले नाही याचे मला फार वाईट वाटले.

दुपारी थिबा राजवाडा पाहिला. पदच्युत ब्रह्मी राजासाठी १९१० मध्ये पूर्ण झालेली ती भव्य वास्तू एका आराखड्यात, एका सत्तेच्या हुकमाने उभी राहिली, त्यामुळे ती पाहताना कौतुक वाटते पण गुंतायला होत नाही. किनाऱ्यावरचे दोन दिवस सुखात गेले, त्यांविषयी सांगण्यासारखे काही नाही. रत्नागिरीत एकच सकाळ हाती असेल तर ती टिळक आळीत घालवावी, आणि शक्य असेल तर पावसाळ्यात, कारण उतरत्या छपराचे काम पाणी कोसळत असतानाच नीट कळते.